या नावाची बाई इथे राहत नाही

बेलाटोल्यात सोयरीक ठरवायची म्हटली की लोक आधी पोराचा पगार विचारत नाहीत, भैयालाल कटरे गुरुजींचं पुस्तक उघडतात. कोणाचं कूळ कोणतं, आजी कुठल्या घरची, पणजोबा कुठून आले, सगळं त्यात. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, देवळात भजनाला बसतात. गुरुजींनी सात वर्षं सायकल हाणली. तिरोड्यापासून पार बालाघाटपर्यंत गावोगावच्या पोवार घरांची वंशावळ त्यांनी उतरवून घेतली आणि गोंदियात छापली. "एक चूक दाखवा आणि वाटीभर खीर खा," असं ते चारचौघांत म्हणायचे. आजवर कोणाला खीर मिळाली नव्हती.

खीर मिळायला हवी होती. चूक पान बेचाळीसवर होती, आणि ती गुरुजींच्या स्वतःच्या घरची होती.

'भैयालाल उमराव कटरे. पत्नी अंजना, कूळ रहांगडाले, जिल्हा बालाघाट.' ही ओळ त्यांनी भाटाच्या पोथीतून उतरवली होती. पोवारांचा भाट धान घरात आलं की येतो, ओसरीवर बसतो, मागच्या पिढ्यांची नावं गाऊन वाचतो आणि नवी लेकरं, नव्या सुना लिहून घेतो. भाटाच्या पोथीत जे चढलं ते खरं. तिथं वाद नाही. १९६९ साली उमराव कटऱ्यांनी, म्हणजे गुरुजींच्या वडिलांनी, भाटाला आत बोलावून दार लोटलं होतं आणि सांगितलं होतं ते लिहायला लावलं होतं.

खरं असं होतं की अंजनाचं नाव रिवका होतं. रिवका झिराडकर. गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरात राहणाऱ्या गार्डसाहेबांची थोरली मुलगी. मूळची माणसं अलिबागकडची, बेने इस्राईल, म्हणजे ज्यू. घरात मराठीच बोलत, फक्त शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की शनिवारी रात्रीपर्यंत चूल पेटवत नसत. मास्तरकीच्या ट्रेनिंगला ती आणि भैयालाल एका वर्गात होते. पुढचं सांगायला नको. तिच्या बापानं तिचं नाव टाकलं. याच्या बापानं एक अट घातली. बालाघाटकडच्या एका दोस्त रहांगडाल्यानं तिला लेक मानून कन्यादान करायचं, पोरीनं मागचं सारं विसरायचं, आणि गावात कोणी ब्र काढायचा नाही. कारण घरात लग्नाची एक बहीण होती, सुभद्रा. भैयालालनी अट मान्य केली. तेवीस वर्षांचं वय. त्या वयात माणूस काहीही मान्य करतो, आणि किंमत मात्र दुसऱ्याला मोजावी लागते.

अंजना गेल्याला चाळीस वर्षं होऊन गेली. ज्यांना ठाऊक होतं तेही एकेक करून गेले. आता ती गोष्ट फक्त गुरुजींकडे उरली होती, आणि ते अठ्ठ्याहत्तरचे झाले होते.

अशात एके दिवशी पोरगा ओमेश जेवताना म्हणाला, "बाबूजी, उद्या एक इस्राईलवाली पोरगी येऊन राहिली. तिच्या आजीची बहीण इकडंच कुठं हरपली म्हणते. समाजाच्या साइटवर तुमचं पुस्तक पाहिलं न तिनं, मले मेसेज केला. म्या म्हटलं, आमच्या बाबूजीले नाही सापडली त मंग कोणालेच नाही सापडत."

गुरुजींच्या हातातला घास हातात राहिला. "कायले बोलावलं तिले?" ते म्हणाले.

"आता! लोकाईचं शोधून देता न तुमी."

त्या रात्री गुरुजी ताटावरून तसेच उठले. पोटात गॅस धरला, असं त्यांनी सांगितलं.

पोरगी आली ती दुपारी, बसनं, पाठीवर मोठी पिशवी. तामार नाव. पंचविशीतली, उन्हानं लाल झालेली. ओसरीवर आल्या आल्या तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आजोबा, मी मराठी बोलते, पण हसू नका. आजीकडून शिकले. वाचायला नाही येत." तिची मराठी समुद्राकाठची होती, पन्नास वर्षं डब्यात झाकून ठेवलेली. अंजना लग्नानंतरचं पहिलं वर्ष असंच बोलायची. मग गावाला संशय येईल म्हणून त्यांनी तिला गावचं बोलायला शिकवलं होतं, अगदी शाळेतल्या पोराला शिकवावं तसं, चुकलं की पुन्हा म्हणायला लावून.

तामारनं फाईल उघडली. दोन वर्षं ती हे करत होती. पणजोबांची रेल्वेतल्या नोकरीची कागदं तिनं मिळवली होती. १९७० साली त्यांचं कुटुंब इस्राईलला उतरलं तेव्हाचा फॉर्म होता, त्यात मुलांच्या रकान्यात आधी दोन लिहून मग खोडून एक केलेला. पणजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाचं शेवटचं पान होतं. त्यावर घरातले जन्म लिहिलेले, आणि एक नाव शाईनं गिरगटलेलं.

"उजेडात धरलं की दिसतं," ती म्हणाली. "रिवका. जन्म गोंदिया. मी आधी दोन दिवस भंडाऱ्याला शोधत होते. कागदांवर जिल्हा भंडारा लिहिलाय ना! मग कळलं, तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता."

ओमेश खो खो हसला. त्यानं तिला चहा दिला, सांजोऱ्या दिल्या. आपल्या बापाच्या विद्वत्तेचा पाहुण्यांना प्रसाद मिळणार म्हणून तो खूश होता.

"शोधून करायचं काय पण?" गुरुजींनी विचारलं. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा कडक निघाला. "इतकी वर्षं झाली."

"आजीला तारीख पाहिजे," तामार म्हणाली. "आमच्याकडे माणूस गेला की दरवर्षी त्या तारखेला त्याच्या नावानं दिवा लावतात, प्रार्थना म्हणतात. आजी सगळ्यांचं करते. बहिणीचं करता येत नाही. जिवंत माणसाचा दिवा लावायचा नसतो. आणि ती जिवंत आहे की नाही, तेच माहीत नाही. आजी एकाहत्तरची आहे. तिला कॅन्सर आहे. ती म्हणते, मला एवढं एक कळू दे."

म्हणजे मागणी काय, तर एक तारीख. गुरुजींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आज्या-पणज्यांच्या मरणाच्या तारखा शोधल्या होत्या. ही त्यांना पाठ होती. वीस ऑगस्ट १९८२. तान्ह्या पोळ्याचा दिवस. गल्लीत पोरं लाकडी बैल घेऊन फिरत होती, नऊ वर्षांचा ओमेश आपला बैल सजवून दारात उभा होता आणि आत काविळीनं पिवळी झालेली अंजना शेवटचे श्वास मोजत होती. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण तारखेमागून बाकीचं सगळं येणार होतं, आणि समोर ओमेश बसला होता, ज्याला आपलं आजोळ बालाघाटला आहे असं वाटत आलं होतं.

"पाहतो," गुरुजी म्हणाले. "वही पाहावं लागंल. आठ दिवस लागतीन." खोटं बोलायचं नव्हतं त्यांना, फक्त वेळ काढायचा होता. पोरगी परत गेली असती. मग चिठ्ठी टाकली असती, नाव न घालता. त्यांच्या मनात हे सगळं ठरलंसुद्धा.

"एक अजून आहे," तामार म्हणाली आणि तिनं प्लास्टिकच्या पाकिटातून तीन जुने लिफाफे काढले. निळसर, परदेशी तिकिटांचे, न फोडलेले. "आजीनं बहिणीला तीनदा पत्र पाठवलं. ७१, ७२ आणि ७४. तिच्या नवऱ्याचं नाव घरात कोणी घ्यायचं नाही, म्हणून आजीला ठाऊक नव्हतं. फक्त गाव माहीत होतं, बेलाटोला. तिन्ही परत आली. मागे काहीतरी लिहिलंय. आजी म्हणते, तिनं वाचलंय, पण मला सांगत नाही. तुम्ही वाचता?"

गुरुजींनी लिफाफा उलटा केला.

अक्षर सुरेख होतं. लाल शाई, सरळ रेघ, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. शाळेत पोरांना कित्ता द्यावा असं.

"वाचा न बाबूजी," ओमेश म्हणाला.

"या नावाची बाई इथे राहत नाही," गुरुजींनी वाचलं. "परत पाठवावे."

तामारनं ते वहीत लिहून घेतलं. "म्हणजे त्या वेळच्या पोस्टमास्तरला माहीत असणार," ती म्हणाली. "तो कोण होता, हे सापडेल का? त्याचं घर, त्याची मुलं?"

ओमेशनं मांडीवर थाप मारली. "अरे! सापडाचं काय त्याच्यात! आमच्या गावात पोस्ट शाळेतच होतं. मास्तरच पोस्टमास्तर. एकोणसत्तरपासून त बाबूजीच पाहत होते. हे अक्षर..." आणि तो वाकून लिफाफा बघता बघता थांबला. हे अक्षर त्यानं आपल्या पहिलीच्या पाटीवर पाहिलं होतं.

शेजारच्या खळ्यात धान मळायचं मशीन चालू होतं, तेवढाच आवाज.

गुरुजी तोंड उघडून म्हणणार होते, की हो, मीच लिहिलं, खरंच अशी बाई इथे नव्हती. एका अर्थानं ते खोटंही नव्हतं. रिवका नावाची बाई इथे राहत नव्हती, कारण तिला राहूच दिलं नव्हतं. पण ओमेश त्यांच्याकडे बघत होता, आणि पोराच्या डोळ्यांत अजून थोडा विश्वास होता. तो त्यांना सहन झाला नाही.

"तुह्या मायचं नाव रिवका होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काही शिल्लक ठेवलं नाही. भाटाचं, रहांगडाल्याचं, पान बेचाळीसचं. परदेशी तिकिटाचं पत्र घरात आलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, सुभद्रेचं लग्न मोडलं असतं, हे सांगितलं. "सुभद्रेचं लगन बहात्तरले झालं," ते म्हणाले. आणि मग, कोणी विचारलं नसताना, "चौऱ्याहत्तरचं पत्र काऊन परत पाठवलं, ते माह्यं मलेच नाही माहीत." बहुतेक सवय झाली होती. वाईट काम पहिल्यांदा करताना हात थरथरतो, तिसऱ्यांदा अक्षर सुरेख येतं.

"मायले माहीत होतं?" ओमेशनं विचारलं. "पत्र आलते म्हणून?"

गुरुजींनी मान हलवली. नाही.

तामार रडत होती, पण रडता रडता तिनं तारीख विचारली. गुरुजींनी सांगितली. तिनं फोनमध्ये काहीतरी पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या पंचांगात एलुल महिन्याचा पहिला दिवस." मग ती उठली. "आजीला मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

फोन लागला. पडद्यावर तामारची आजी शुलामिथ आली, डोक्याला रुमाल, मागे पांढरी भिंत. कपाळ तेच, भुवयांमधली ती एक उभी रेघ तीच. अंजना म्हातारी झाली असती तर अशी दिसली असती. ती कधी म्हातारी झालीच नाही. गुरुजींना वाटलं हात जोडावेत, पण एका हातात फोन होता.

त्यांनी सांगितलं. कावीळ म्हटलं तेव्हा शुलामिथनं डोळे मिटले, ओमेशचं नाव सांगितलं तेव्हा उघडले. पत्रांचंही गुरुजींनी सांगितलं, आणि अक्षर माझं आहे हेही.

"पहिलं पत्र मी एकटीनं नव्हतं लिहिलं," शुलामिथ म्हणाली. आवाज शांत होता. "खाली पप्पांनी लिहिलं होतं. दोन ओळी. मी रागावलेलो नाही, एकदा तुझ्या हातचं अक्षर पाठव. ते परत आलं तेव्हा पप्पांना वाटलं, तिनंच परत केलं. त्याच हिवाळ्यात ते गेले."

गुरुजींनी तिन्ही लिफाफ्यांकडे पाहिलं. पहिला कोणता हे त्यांना ठाऊक होतं. फोडून बघायचा अधिकार त्यांचा नव्हता, त्यांनी तो तामारकडे सरकवला.

"एक विचारते," शुलामिथ म्हणाली. "खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको. ती आमच्या पत्राची वाट बघायची का? की विसरली होती?"

विसरली होती, असं म्हणावं, एवढी एक दया आपल्या हातात आहे, असं गुरुजींना क्षणभर वाटलं. पण म्हातारीनं खरं मागितलं होतं, आणि या घराकडून तिला आजवर ते एकदाही मिळालं नव्हतं.

"टपालाची पिशवी सकाळी यायची," ते म्हणाले. "मी शाळेतून घरी आलो की ती दारात उभी राहायची. तोंडानं काही विचारत नव्हती. फक्त माझ्या हाताकडे बघायची. तेरा वर्षं."