सगळ्या खुंट्या ओढल्या तेव्हा

"ह्याचं काही खरं नाही आता. नुसता घरघरतो," क्लिफर्ड सभेतल्या चहात आल्याचा केक बुडवत, माझ्याच अंगाला टेकून कुरकुरला.

ज्याच्याबद्दल तो बोलत होता तो जुना ऑर्गन मीच, मित्रांनो. यॉर्कशायरमधल्या एका लोकरगिरणीच्या गावात, चॅपलच्या, म्हणजे साध्या प्रार्थनाघराच्या, भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. तुमच्या बाजाच्या पेटीचा मला थोरला भाऊ समजा. भाता मोठा, आणि अंगावर नळ्यांच्या रांगाच रांगा. प्रत्येक रांगेला एक खुंटी, इंग्रजीत तिला 'स्टॉप' म्हणतात. ओढली की ती रांग बोलते, आत ढकलली की गप्प बसते. गिरणीतल्या माणसांनी मला गाड्यावर घालून, ढकलत ढकलत ह्या चढावर आणलं. त्यांची लग्नं मी वाजवली, त्यांना शेवटचा निरोपही मीच दिला. लोक तेव्हा येता-जाता माझ्या लाकडावरून हात फिरवत.

थिर्झाबाई तरुणपणापासून मला वाजवतात. अलीकडे त्यांना ऐकू येईनासं झालं. गाणारे थांबले तरी त्या वाजवतच राहतात. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणाच्या मनाला लागेल असं बोलायची वेळ आली की आमची माणसं हवापाण्यावर बोलतात. मग दोष कुणाचा? माझा. मला मोडीत काढून विजेवरचं वाद्य आणायचं ठरत आलं होतं, त्याचीच ही सभा होती. मी घरघरत नाही हो. पण मला विचारतो कोण?

इलोन्का विचारायची. ही हंगेरीहून आलेली, गिरणीत मागावर काम करणारी बाई. इंग्रजी वाक्प्रचार कानावर पडला की त्याचं मूळ खणायची. एकदा मुलीच्या परीक्षेच्या काळजीने क्लिफर्ड म्हणाला, मी 'ऑन टेंटरहुक्स' आहे, म्हणजे जीव नुसता आकड्यांवर ताणलाय. इलोन्काने विचारलं, कसले आकडे? त्याला सांगता येईना. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने तिला गिरणीमागचं माळरान दाखवलं. पूर्वी ओलं लोकरी कापड तिथे लाकडी चौकटींवर लोखंडी आकड्यांनी ताणून वाळवत. क्लिफर्ड जन्मभर ते बोलत होता, आणि त्याला ते त्या दिवशी कळलं.

तर त्या सभेत चहा संपवून क्लिफर्ड म्हणाला, "नवं वाद्य आणायचं तर आपण पुल आउट ऑल द स्टॉप्स." म्हणजे जीव तोडून झटायचं. माना डोलल्या.

"कुठले स्टॉप्स?" इलोन्काने विचारलं.

 मग एकेक नजर माझ्या खुंट्यांकडे वळली आणि ओशाळून चहाच्या कपात गेली. मला काढायला निघालेली माणसं माझीच भाषा बोलत होती.

इलोन्का थिर्झाबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. ओठ दिसतील असं हळू बोलली, "बाई, सगळ्या ओढून दाखवता का?"

थिर्झाबाई बसल्या. आधी मऊ बासऱ्यांची खुंटी, मग तुताऱ्यांची, मग जमीन हलवणाऱ्या जाड नळ्यांची. एकही आत राहिली नाही. मी ठरवलं, आज भात्यात वाऱ्याची झुळूकसुद्धा शिल्लक ठेवायची नाही. बाईंची बोटं खाली आली आणि मी बोललो. बशा वाजल्या, काचा थरथरल्या. क्लिफर्ड आपोआप उठून गायला लागला, मागोमाग सगळे. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा असं पोटभर बोलू द्या, एवढंच माझं मागणं.

गाणं संपलं. बाई मात्र पुढचं कडवं वाजवत राहिल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली आणि मिटलेली तोंडं पाहिली.

क्लिफर्ड खिडकीकडे बघत म्हणाला, "जुनं वाद्य, त्यात ही दमट हवा..."

थिर्झाबाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या. हात अजून माझ्या पट्ट्यांवर होते.

"हवेला कशाला मध्ये ओढतोस, क्लिफर्ड? ह्याला काही झालेलं नाही. मला ऐकू येत नाही."