दादाच्या गुडघ्याची पट्टी

धाकटी, म्हणजे दादाची बहीण, पोहणं शिकवायची आणि मोटरसायकल चालवायची. त्या गाडीविरुद्ध कोणी ब्र काढलेला तिला खपत नसे. त्यामुळे पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय असं वहिनीने सांगितलं, तेव्हा ती फणकारून म्हणाली की पाणी असेल. वहिनीने फरशी पुसलेलं फडकं निमूटपणे तिच्या नाकाशी धरलं. तेलच होतं, दोन्ही बाजूंचं. गाडीला सर्दी झालीये, वाफ दे, असं दादा मग येता-जाता म्हणत राहिला.

रविवारी धाकटी नवीन ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, आणि पाने घेऊन जिन्याखाली बसली. गॅरेजवाल्याकडे जायचं नाही, हे तिने आधीच जाहीर करून टाकलं होतं. वहिनी चहा घेऊन आली आणि पायरीवर टेकली. सील फाटलंय कशावरून, नुसती घाण अडकली असेल तर, असं तिने विचारलं. धाकटीने पाना खाली ठेवला. खरं तर तिला ठाऊक होतं, की पातळ, ताठ पट्टी सीलच्या कडेने फिरवली की घाण निघते. पण तशी पट्टी आणायची कुठून?

वहिनी इस्पितळात एक्स-रे काढायची. ती आत गेली आणि कपाटातून दादाच्या गुडघ्याची फिल्म घेऊन आली. मागे न्हाणीघरात घसरल्यावर त्याने त्या फिल्मच्या जोरावर महिनाभर लाड करून घेतले होते, आणि अजूनही आल्यागेल्याला ती दाखवत असे.

"अगं, दादाचा गुडघा आहे तो," धाकटी म्हणाली.

"त्याचा गुडघा त्याच्यापाशी आहे. आणि त्याला काही झालंही नव्हतं." वहिनीने कात्री चालवली.

कापलेली पट्टी सीलच्या कडेने फिरवली, तसा उजवीकडून वाळलेला चिखल निघाला. पुसून, शॉकअप चार वेळा दाबून पाहिला, तर कोरडा. डावीकडचं सील मात्र खरंच फाटलं होतं. उद्या तशीच कामावर नेते, असं धाकटी पुटपुटली, पण तेल ब्रेकवर उतरलं तर काय, असं वहिनीने विचारताच तिने पाना उचलला. शॉकअप उघडायला घेतला, तर खालचा बोल्ट नुसता गरागरा फिरू लागला. आतला दांडा त्याच्याबरोबर फिरू नये म्हणून हँडलवर भार टाकायला कोणीतरी वजनदार हवं होतं. दादाला हाक मारली.

आपल्या पोटाचा घरात पहिल्यांदाच उपयोग होतोय म्हणून तो खुशीत हँडलवर रेलला. बोल्ट सुटला. तेवढ्यात त्याची नजर पायरीवरच्या कापलेल्या फिल्मवर गेली.

"हा माझा गुडघा आहे का?"

"होता," वहिनी म्हणाली.

त्याने हँडल मात्र सोडलं नाही.

नवीन सील बसवून, तेल भरून गाडी उभी राहिली तेव्हा तिघांचेही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. धाकटी चक्कर मारायला निघाली, तर वहिनीने हात पुढे केला. लग्नाआधी वहिनी स्वतःच्या भावाची गाडी चालवायची, पण ते या घरात तिला कोणी विचारलंच नव्हतं.

धाकटीने किल्ली क्षणभर मुठीत धरली, मग दिली. ती स्वतः मागे बसली आणि कोपऱ्यापर्यंत सूचना देत गेली. कोपऱ्यानंतर वहिनीने वेग वाढवला, तशी तिने वहिनीची कंबर घट्ट धरली.