उजवीकडचा कंट्रोल

मित्रांनो, मी एक बोळक्या तोंडाचा कीबोर्ड आहे. माझे तीन दात पडले आहेत, आणि ते काही म्हातारपणाने पडलेले नाहीत. गाडीचं चाक खोलायच्या लोखंडी पान्याने ते पाडले. माझ्या पाठीत चीर आहे, आणि डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग आहे. येणारा-जाणारा म्हणतो, चहा सांडला वाटतं. सांडायला काही सांडलं होतं खरं, पण तो चहा नव्हता. ते काय होतं हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म सीमेपलीकडे एका चिनी कारखान्यात झाला. तोरुगार्त घाटातून ट्रकमध्ये कोंबून मला नारीन या डोंगराळ गावी आणलं. वाटेत ट्रक असा आदळत होता की माझ्याच पेटीतली दोन भावंडं नारीन बघायच्या आधीच फुटली. माझ्या प्रत्येक बटणावर दोन दोन अक्षरं होती, वर काळी लॅटिन आणि खाली लाल सिरिलिक. आमच्या गावात माणसं एका वाक्यात दोन भाषा बोलतात, तिथे बटणांनी एकच भाषा बोलून कसं भागेल!

बाजारामागच्या एका तळघरात पोरांचं गेम खेळायचं दुकान होतं. मी तिथे लागलो आणि माझे हाल सुरू झाले. पडद्यावर बंदुका चालायच्या आणि मार मात्र मला बसायचा. पोरगा हरला की मला बुक्की, जिंकला तरी मला बुक्की. एकदा दोघांची जुंपली. एकाने मला तारेसकट उपटलं आणि दुसऱ्याच्या कपाळावर हाणलं. त्याचं कपाळ फुटलं, रक्त माझ्या बटणांच्या फटींत शिरलं, आणि पोरं हसत होती. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू! मला कुणी विचारलं नव्हतं, मान्य आहे. पण हत्यार मीच होतो.

पुढे ते दुकान बंद पडलं. मालकाने जुने संगणक मिळेल त्याला देऊन टाकले, आणि एक संगणक माझ्यासह बाजाराच्या रस्त्यावरच्या एका मदतकेंद्रात आला. घरात मार खाणाऱ्या, पळवून नेलेल्या, हाकलून दिलेल्या बाया तिथे यायच्या. पहिल्याच दिवशी माझ्यावर दोन हात आले. ते आदळले नाहीत. त्यांनी मला आधी चाचपलं. एफ आणि जे या माझ्या दोन बटणांवर बारीकसे उंचवटे असतात. डोळस माणसं जन्मभर आमच्याशी खेळतात आणि त्यांना ते दिसतही नाहीत. या हातांनी ते पहिल्यांदा शोधले, आणि मग दहाही बोटं आपापल्या जागी जाऊन बसली.

ती बुरूल एजे. आमच्याकडे ताईला एजे म्हणतात. तिच्या नवऱ्याने एके दिवशी तिचं डोकं चुलीच्या काठावर आपटलं होतं, एकदा नाही, तो दमेपर्यंत. त्यात तिचे डोळे गेले. मदतकेंद्रात ती फोन घ्यायची, तक्रारी टंकायची, वकीलबाईंना पाठवायची. पडद्यावर जे असेल ते संगणक तिच्या कानात वाचून दाखवायचा, आणि बाकी सगळं मी. माऊसला ती हातही लावत नसे. म्हणायची, उंदरामागे मांजर धावतं, मी कशाला धावू?

मित्रांनो, मला काय काय येतं हे मला तिच्यामुळे कळलं. कंट्रोल आणि सी दाबलं की वस्तू उचलायची. कंट्रोल आणि व्ही दाबलं की हवी तिथे ठेवायची. ऑल्ट आणि टॅब म्हणजे या खोलीतून त्या खोलीत जायचं. खिडकीच्या चित्राचं बटण आणि एल म्हणजे दाराला आतून कडी. आलेल्या बायांनाही ती हे शिकवायची. एकदा तिने कंट्रोल आणि झेड शिकवलं. शेवटी केलेलं काम त्याने मागे फिरतं, जणू झालंच नाही. तेव्हा एक बाई म्हणाली, "अगं, हे बटण माझ्या लग्नाच्या दिवशी कुठे होतं?" सगळ्या पोट धरधरून हसल्या. मग प्रत्येकीने ते बटण एकदा दाबून पाहिलं.

चहापाणी आणि झाडलोट बातमा आपा करायची. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला आपा म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, तोंडाने फटकळ. यंत्राला थंडी वाजते यावर तिचा ठाम विश्वास होता. टेबलाखालच्या संगणकाच्या डब्यावर तिने नक्षीचं लोकरी आसन घालून ठेवलं होतं. किती वेळा सांगितलं तरी ऐकेना. आलेला माणूस त्याला बसायचं स्टूलच समजायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो. आठवडी बाजार होता. वकीलबाई दुसऱ्या गावी गेल्या होत्या. दुपारी बाहेर रस्त्यावर गाडीचे ब्रेक करकचले आणि एका मुलीची किंकाळी आली. बातमा आपाने खिडकीतून ओळखलं, नर्सिंगच्या कॉलेजात शिकणारी जिपारा होती ती. गुरांचा व्यापार करणाऱ्या कुबातने आणि त्याच्या दोन मित्रांनी तिला केसांना धरून गाडीत कोंबलं. तिने दाराची कड पकडली, तर त्यांनी दार तिच्या बोटांवर आपटलं. बायको करायला म्हणून पळवून नेली. आमच्याकडे हे होतं, मित्रांनो, आणि लाज सोडलेली माणसं त्याला रीत म्हणतात.

घरी नेल्यावर मुलीच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधतात. तो बांधून एक रात्र गेली, की ती त्या घरची झाली. मग माहेरचेही परत घेत नाहीत. म्हणजे जे काही करायचं ते दिवस मावळायच्या आत.

बुरूलने आधी पोलिसांना फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, लग्नाचं घर आहे, मध्ये पडू नका. मग तिने जिपाराच्या वडिलांना, तुर्दुबेकना फोन लावला. त्यांच्याकडे कुबातची माणसं आधीच पोहोचली होती. मेंढा कापून, माफी मागून, तुमची लेक आपल्या मनानेच आली म्हणून सांगत बसली होती. तुर्दुबेक म्हणाले, "माझ्या पोरीने माझं नाक कापलं. ती मनाने गेली नसेल तर मला दाखव. नुसतं सांगू नकोस."

दाखवायला होतं! आमच्या दारावर कॅमेरा होता, आणि तो आवाजही टिपायचा. बुरूलला चित्र दिसत नव्हतं, पण कानाने तिने ती किंकाळी नेमकी शोधून काढली आणि तेवढा तुकडा कापायला घेतला. तिची बोटं माझ्यावर अशी धावत होती की मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तेवढ्यात बाहेरचं दार लाथेने उघडलं. कुबातच्या मित्राला कॅमेऱ्याची आठवण झाली होती, म्हणून मुलीला घरच्या बायकांच्या ताब्यात देऊन तिघे परत आले होते.

बातमा आपाने त्यांना पाहिलं. हातातला झाडू टाकला आणि आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर ती सरळ आडवी झाली.

मित्रांनो, याचा अर्थ आमच्याकडे लहान पोराला कळतो. पळवून आणलेली मुलगी निघून जाऊ नये म्हणून त्या घरची म्हातारी उंबऱ्यावर आडवी पडते. जो तिला ओलांडेल त्याला तिचा शाप लागतो, जन्मभर सुख लाभत नाही. बातमा आपा स्वतः अशीच पळवून आणलेली. सतरा वर्षांची असताना ती एका म्हातारीला ओलांडू शकली नव्हती.

"या," ती म्हणाली. "ओलांडा. बघू कुणाच्या आईने वाघ जन्माला घातलाय."

तिघेही थबकले. मित्र तर मागेच सरले. आपा, उठा हो, असं करू नका, म्हणून विनवायला लागले. कुबात एक पाय उचलायचा आणि खाली ठेवायचा. इकडे बुरूलचा तुकडा तयार झाला. तिने तो कंट्रोल आणि सीने उचलला. आता फक्त तुर्दुबेकना पाठवायच्या निरोपात नेऊन ठेवायचा होता.

कुबातने मग ते केलं जे मी कधी विसरणार नाही. त्याने म्हातारीचे दोन्ही पाय धरले आणि तिला फरशीवरून फरफटत बाजूला फेकलं. काहीतरी कडकन मोडलं. तरी वाटेत तिचा हात आडवा आलाच, आणि तो तिला ओलांडून आत आला.

पाठवायला वेळ उरला नव्हता. कडी लावायला होता. बुरूलने खिडकीचं बटण आणि एल दाबलं.

"उघड," कुबात म्हणाला.

"मी आंधळी आहे. मला काय कळतंय त्यातलं?"

त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. परवलीचा शब्द विचारला, पुन्हा मारला. ती खुर्चीसकट उलटली. त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली, फोनची तार उपटली, तिचा मोबाइल टाचेखाली चिरडला. तिने परवलीचा शब्द सांगितला नाही. मग त्याचं टाळकं फिरलं. गाडीतून आणलेला पाना त्याने आधी पडद्यावर घातला. काचा उडाल्या. माऊसचा चुरा केला. शेवटी माझी पाळी आली. पान्याचा घाव माझ्या डाव्या कोपऱ्यावर बसला आणि माझं शिफ्ट, कंट्रोल आणि झेड तुटून भिंतीवर आपटलं. दुसरा घाव पाठीवर बसला. मला वाटलं, संपलो.

कुबातलाही वाटलं, संपलं. पडदा फुटला म्हणजे संगणक मेला, एवढंच त्याचं ज्ञान. बुरूलला हिणवत तो म्हणाला, आता तुझं यंत्रही तुझ्यासारखंच आंधळं झालं. जाता जाता त्याने टेबलाखालच्या त्या नक्षीच्या आसनावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली. आसनाखाली संगणक मजेत गुणगुणत होता.

ते गेले. मग उंबऱ्याकडून बातमा आपाचा आवाज आला.

"बुरूल, मेलीस का ग?"

"नाही आपा. तुम्ही?"

"बघू मग. आधी तुझं काम कर."

बुरूल काचांतून रांगत आली. माझी तार ओढून तिने मला मांडीवर घेतलं. गळ्यात लोंबणारा इयरफोन कानात घातला. तिच्या ओठातून आणि नाकातून रक्त माझ्या डाव्या कोपऱ्यात ठिबकत होतं. तिने उंचवटे शोधले. पडदा नव्हता, पण तिला तो होताच कधी? तिने कडी काढली. ऑल्ट आणि टॅब दाबून ती तुर्दुबेकच्या निरोपात आली. मग तिचं बोट सवयीने डाव्या कंट्रोलवर गेलं आणि तिथे नुसता खड्डा लागला. मी जीव तोडून ओरडत होतो, उजवीकडे, एजे, उजवीकडे! आमचा आवाज कोण ऐकतो? पण कीबोर्डला उजवीकडे दुसरा कंट्रोल असतो. बहुतेकांनी तो जन्मात दाबलेला नसतो. तिने बोट सरकवत सरकवत तो गाठला, व्ही दाबलं, आणि मग एंटर.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. तुर्दुबेकच्या घरी ताटात मटण वाढलेलं होतं. त्यांनी फोन उघडला आणि भरल्या पंगतीत त्यांच्या लेकीचा आवाज घुमला, "बाबा, मला जायचं नाहीये! बाबा!" त्यांनी ताट भिरकावलं, खुंटीवरचा चाबूक घेतला आणि भावांना घेऊन निघाले. कुबातच्या अंगणात तुंबळ मारामारी झाली. कुणाची नाकं फुटली, कुणाचे हात मोडले, आणि कुबातचा पाना कुबातच्याच गुडघ्यावर बसला. आत बायकांनी जिपाराला दाबून धरलं होतं. बापाचा आवाज ऐकताच तिने एकीच्या मनगटाचा चावा घेतला, डोक्यावरचा रुमाल टरकावला आणि दाराकडे धावली. तर उंबऱ्यावर कुबातची आजी आडवी पडलेली. जिपाराने तिला ओलांडलं. सूर्य तेव्हा डोंगरामागे टेकला होता.

तो तुकडा गावभर फिरला, तेव्हा पोलिसांनाही जाग आली. कुबात तुरुंगात आहे.

बातमा आपाचं खुब्याचं हाड मात्र जुळलं नाही. ती आता मदतकेंद्राच्या मागच्या खोलीत पडून असते आणि तिथून सगळ्यांना ओरडते. एक दिवस जिपारा आली. बोटांना पट्ट्या होत्या. तिला झोप लागत नव्हती. त्या म्हातारीचा शाप आपल्याला लागणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

आपाने तिला जवळ बसवलं. म्हणाली, "तिचा शाप माझ्या नावावर टाक. माझं मोडायचं ते मोडलंय, आता आणखी काय मोडणार?" आणि मग हळूच म्हणाली, "कसं ओलांडलंस ग? पाय कुठला आधी टाकलास? सांग मला."

जिपारा रडत रडत सांगत होती आणि म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

आता नवा कीबोर्ड आला आहे, काळा, चकचकीत. मला फेकायला निघाले होते, पण बुरूल म्हणाली, माझी बोटं याला ओळखतात. तिने तुटक्या जागी बातमा आपाकडून लोकरीचे तुकडे चिकटवून घेतले. माझं झेड गेलं ते गेलंच. मागे फिरव, असं आता मला सांगता येत नाही. बुरूलचे डोळे, आपाचं हाड, यांना ते बटण कधी नव्हतंच. कॉलेज सुटलं की जिपारा माझ्यासमोर बसते, बुरूल तिचे डोळे रुमालाने बांधते आणि न बघता टंकायला शिकवते. तो तोच पांढरा रुमाल आहे, शिवून घेतलेला.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. आम्हाला पुसत जा, आमच्यावर चहा सांडू नका, हरलात म्हणून बुक्क्या घालू नका. आम्ही बिनहातांचे, ज्याच्या हाती पडू त्याचे होतो. मी डोकंही फोडलं आहे आणि एका मुलीला घरीही आणलं आहे. आणि आज उठाल तेव्हा एक करा. तुमच्या कीबोर्डच्या उजवीकडचा कंट्रोल शोधून ठेवा. वेळ येते तेव्हा शोधायला वेळ नसतो.