सेमाडोहचं वळण

जानरावांनी कागदाचा वरचा उजवा कोपरा दुमडला, त्यावरून अंगठा फिरवून खात्री करून घेतली आणि मगच कागद मांडीवर ठेवला. दुमड उजव्या हाताला लागली की कागद सुलटा, एवढी खूण त्यांना पुरे होती. कागदावर काय छापलंय ते शेजारी वाकून त्यांची सून ज्योत्स्ना वाचत होती.

“आठ मैलांवर उजवीकडं वळण. तोवर उंची नऊ हजार फूट. वळलं की साडेसात हजारावर यायचं. तिथून धावपट्टी दिसली त उतरायचं, नाही दिसली त डावीकडून परत वर.”

“आठवर उजवं, नऊ हजार. मंग साडेसात. नाई दिसली त डावं,” जानरावांनी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना ज्योत्स्नाकडून एकही आकडा घ्यावा लागला नाही. अकोला ते शेंदूरजनाघाट रस्त्यावरचे सगळे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचं भाडं ज्या कंडक्टरला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं, त्याच्यापुढं हे चार आकडे म्हणजे किस झाड की पत्ती.

ज्योत्स्ना चहाचे कप उचलता उचलता थांबली.

“मामाजी, एक बोलू? तुमी चंद्रभान काकाजीले सांगून काहून नाही टाकत?”

“काय सांगू?”

“डोळ्यांचं.”

जानराव कागदाच्या घडीवरून बोट फिरवत राहिले.

“सांगतलं की तो काय म्हणन, मले ठावं हाय. म्हणन, राहू दे जानराव, आता आराम कर. मंग नकाशा बी तोच वाचन आन् विमान बी तोच उडवन. मंग माहं काय काम? मले नाई कराचा आराम, बाई.”

ज्योत्स्ना कप घेऊन आत गेली.

चंद्रभान एसटीचे ड्रायव्हर आणि जानराव कंडक्टर. एकाच गाडीवर दोघांनी एकोणीस वर्षं काढली. नवरा-बायकोचं एवढं पटत नाही म्हणून डेपोत त्यांची चेष्टा व्हायची. निवृत्तीनंतर चंद्रभान अमरावतीला बडनेरा रोडवर राहायला गेले, जानराव अकोल्याला कौलखेडात राहिले. स्टिअरिंग सुटल्यावर चंद्रभानांचे हात शिवशिवायला लागले. मग त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्याला एक दांडी जोडली आणि घरबसल्या विमान उडवायला सुरुवात केली. खेळातलं विमान, पण हवा खरी, डोंगर खरे, नियमही खरे. चंद्रभानांची बायको मनकर्णा त्याला ‘ह्यायची बिनचाकी एसटी’ म्हणायची. विमानाला चाकं असतात हे तिला कितीदा सांगून झालं होतं.

पण विमान उडवायचं तर उतरायचं कसं हे सांगणारा नकाशा लागतो. कुठं वळायचं, किती उंचीवर यायचं, सगळं त्यात असतं. चंद्रभानांनी मोबाइलवर एक ॲप घेतलं होतं. पहिला महिना ते फुकट नकाशे दाखवत राहिलं आणि महिना संपला तसं पैसे मागू लागलं. चंद्रभान हिरमुसले. त्यांनी जानरावांना फोन करून रडगाणं गायलं. जानरावांनी त्याचा कंडक्टरच्या डोक्यानं विचार केला. एसटीचं वेळापत्रक स्टँडवर सगळ्यांसाठी टांगलेलं असतं, त्याचे कोणी पैसे मागत नाही. विमान त्याहून मोठं, म्हणजे त्याचंही सरकारनं कुठंतरी टांगलेलं असणारच. तेव्हा त्यांना जाड अक्षरं दिसत होती. मोबाइल नाकाशी धरून ते तीन दिवस शोधत बसले आणि चौथ्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर देशातल्या विमानतळांचे नकाशे त्यांना सापडले. अगदी फुकट! पुढच्या आठवड्यात वाट आखून देणारी आणि किती तेल घ्यायचं ते सांगणारी एक साइटही त्यांनी शोधली, तीसुद्धा फुकट. ती सांगेल त्यावर चंद्रभान थोडं तेल जास्तच घ्यायचे, वाटेत कोणाला ढकलायला सांगणार म्हणून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला विमान निघायचं. अमरावतीत चंद्रभान दांडी धरून, अकोल्यात जानराव नकाशा धरून आणि मधे फोन. चंद्रभानांच्या पडद्यावर नकाशा उघडता आला असता, पण उडताना ते तो उघडत नसत. गाडी एकानं चालवायची आणि बेल दुसऱ्यानं मारायची, ही रीत त्यांनी जन्मभर पाळली होती. जानराव स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं दोनदा टण् टण् करायचे, तेव्हाच विमान धावपट्टीवरून हलायचं.

दोघांचं लाडकं ठिकाण म्हणजे पहाडातलं एक छोटं विमानतळ. त्याचं नाव दोघांनाही धड उच्चारता येत नसे. तिथं ढगातून उतरताना शेवटी जे वळण घ्यावं लागे, ते थेट मेळघाटातल्या सेमाडोहच्या घाटासारखं. म्हणून त्याचं नाव सेमाडोह पडलं.

मग काचबिंदूनं जानरावांची आधी दोन्ही बाजूंची आणि हळूहळू समोरचीही नजर खाल्ली. आधी साधा कागद पुरायचा, मग ज्योत्स्ना दुप्पट आकाराची झेरॉक्स आणू लागली, मग त्याहून मोठी. पोळ्याला बैलांच्या झुली कोणत्या रंगाच्या आहेत हे त्यांना शेजाऱ्याला विचारावं लागलं. त्यानंतर कागदाचा आकार वाढवण्यात अर्थ उरला नाही. ज्योत्स्ना सकाळी वाचायची, जानराव पाठ करायचे आणि संध्याकाळी कागद पुढ्यात धरून ‘वाचायचे’. चंद्रभानांना शंकाही आली नव्हती.

ज्योत्स्ना बार्शीटाकळीच्या शाळेत शिकवायची. त्या गुरुवारी तिथं तपासणी होती, म्हणून ती सातलाच निघून गेली. थोड्या वेळानं जानरावांचा मोबाइल टिंग वाजला. चंद्रभान रोज याच वेळी गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ सकाळ’ पाठवायचे. जानराव त्याला तोंडी उत्तर देत. आजही त्यांनी “शुभ सकाळ, लेका” म्हटलं आणि मोबाइल उशीखाली सरकवला.

पाचला फोन आला.

“आज सेमाडोह,” चंद्रभान म्हणाले. “नवीन नकाशा पायला ना?”

जानरावांच्या हातातला चमचा थांबला. दर अठ्ठावीस दिवसांनी नकाशे नव्यानं निघतात हे त्यांनाच आधी कळलं होतं, त्यांनीच ते चंद्रभानांना शिकवलं होतं. आज तो दिवस होता हे ते साफ विसरले होते. नवे कागद म्हणजे बहुधा खालची तारीख तेवढी बदललेली असते. पाच महिन्यांत सेमाडोहचा एकही आकडा हलला नव्हता.

“पायला ना,” ते म्हणाले. “हातातच हाय.”

त्यांनी पेल्यावर दोनदा चमचा मारला.

विमान निघालं. तासाभरात ते पहाडावर आलं. चंद्रभान म्हणाले की समोर नुसते ढग आहेत, कापसाच्या गाडीत तोंड खुपसल्यासारखं वाटतंय. जानरावांनी कागद खडखड वाजवला. तेही त्यांनी सवयीनं शिकून घेतलं होतं.

“नऊ हजारावर राह्य. आठ मैलावर उजवं वळण.”

इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“आठवर?” चंद्रभानांनी विचारलं.

“आठवर.”

“नीट पाह्य बरं एकडाव.”

जानरावांनी मान खाली घातली. पांढरं काहीतरी होतं, बाकी काही नव्हतं.

“आठच हाय,” ते म्हणाले.

क्षणभर पुन्हा नुसती घरघर.

“बरं,” चंद्रभान म्हणाले.

थोड्या वेळानं फोनमधून विमानाच्या यंत्राचा आवाज ओरडू लागला. पुल अप, पुल अप. जानराव खाटेवरून अर्धे उठले. “चंद्रभान! वर घे बे, वर घे!” मग एक मोठा आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

“काय झालं?” जानरावांनी विचारलं.

“पहाडाले लागलं. माहा हात चुकला, बाप्पा. वय झालं आता. ठेवतो.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत चंद्रभानांनी कुत्र्याचं पिल्लूसुद्धा गाडीखाली येऊ दिलं नव्हतं. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते निवृत्तीनंतर शर्टाला लावून फिरत नव्हते, एवढंच. विमानाचीही त्यांनी वही ठेवली होती. तीनशेवर उड्डाणं आणि अपघाताच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं. जानराव चमचा हातात घेऊन तसेच बसून राहिले.

ज्योत्स्ना साडेसहाला आली, तेव्हा घरात दिवा लागलेला नव्हता. जानरावांनी उशीखालून मोबाइल काढून तिच्यासमोर धरला.

“सकाळी त्यानं काय धाडलं ते पाह्य.”

“नकाशा हाय, मामाजी. सेमाडोहचा. छापून फोटो काढून पाठवला.”

“वळण कितीवर लिवलं हाय?”

“दहावर. खाली सूचना हाय. ज्या खांबाला किती मैल उरले ते मोजतात, तो खांब दोन मैल पुढं हलवला, म्हणून जुन्याच वळणावर आता आठऐवजी दहा उरतात. काकाजीनं दहावर लाल पेनानं गोल केला, आन् बाजूला लिहिलं, ‘जानराव, हे ध्यानात ठेव’.”

लाल गोल करणाऱ्या माणसाला दहा ठाऊक होते. ठाऊक असून त्यानं ‘बरं’ म्हटलं होतं आणि आठपर्यंत विमान सरळ नेलं होतं. जानरावांना एकदम भरून आलं आणि लाजही वाटली, आणि दोन्हींत जास्त काय होतं हे त्यांना सांगता आलं नसतं.

“फोन लाव त्याले,” ते म्हणाले.

फोन मनकर्णानं उचलला.

“भाऊजी, काय केलं हो तुमी दोघायनं? हे तवापासून वही उघडून बसले. चहा बी नाई घेतला.”

“वहीत काय लिवलं, वैनी?”

मनकर्णानं अक्षर अक्षर लावत वाचून दाखवलं. “अपघात, एक. चूक, चालकाची.”

“दे त्याले.”

फोन चंद्रभानांकडं गेला. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“वहीत खोटं काहून लिवलं बे?” जानराव म्हणाले. “आठ म्या सांगतले. तुले दहा माहीत होते.”

“माहीत असून काय? बेल तुही होती.”

“चंद्रभान, मले दिसत नाई. पोळ्यापासून नाई दिसत. ज्योत्स्ना वाचते, मी पाठ करतो. आज ती नोती.”

बोलून झाल्यावर जानराव वाट पाहत राहिले. आता तो म्हणेल, राहू दे जानराव. पाच महिने ज्या शब्दांना भ्यायलो ते आता येणार, असं त्यांना वाटलं. ज्योत्स्नानंही मोबाइलशेजारी बसकण मारली होती.

“पोळ्यापासून,” चंद्रभान हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. “म्हणजे पाच महिने तू मले न पाहता पहाडातून उतरवून राहिला? ढगातून? त्या सेमाडोहातून? आन् एक ओरखडा नाई? मनकर्णे, आयकलं का वो! मी याले रोज म्हणत जाओ, सावकाश वाच, आन् हा—” त्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. “आन् आज म्या पाहून पाहून ठोकलं.”

“मंग आता?” जानरावांनी विचारलं.

“आता काय? नवीन कागद आला ना. ज्योत्स्नाले शाळेची घाई असते सकाळी. मीच वाचतो, तू पाठ कर. उद्या पाचले निघाचं हाय.” कागदाचा खडखडाट झाला. “आयक. दहा मैलावर उजवं.”

“दहावर उजवं.”

“नऊ हजार.”

जानरावांनी डोळे मिटून घेतले. मिटायची काही गरज नव्हती, पण पाठ करताना ते नेहमीच मिटत.