दुसऱ्या तोंडावरचा पाय

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. वहीतला नव्हे, चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे पकडायचा. दोन हात लांब लोखंडी सळई, टोकाला वाक, मागे आंब्याच्या लाकडाची मूठ आणि मुठीवर जाळ्याचा निळा दोरा. भाईंदरजवळच्या मुर्धा गावात धर्माजीच्या पडवीत, चपलांच्या वरच्या खिळ्याला मी लटकलेला असतो. तुम्ही पाहिलंत तर छत्री अडकवायला ठेवलेली सळई वाटेल. पण खाडीकाठी माझी वट होती. वट होती म्हणूनच आज मान खाली घालून बोलतो आहे. वाक मुळातच असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

धर्माजीच्या वडिलांचं मिठागर बंद पडलं, तेव्हा पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराची एक सळई घरी आली. तिच्यातून लोहाराने मला घडवलं. तापवलं, ठोकलं, वाकवलं. तो टोकाला धार काढायला निघाला, तेव्हा वडिलांनी त्याचा हात धरला. टोक बोथटच ठेव, म्हणाले. कवच फुटलं की चिंबोरी मरते आणि मेलेली चिंबोरी आमच्याकडे कुणी चुलीवर चढवत नाही. त्या वेळी धर्माजीला नुकतं मिसरूड फुटलं होतं, म्हणून मी त्याला अजून अरेतुरे करतो. आता तो पिकल्या मिश्यांचा आजोबा दिसतो, तरी माझी सवय जात नाही.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. ओहोटी लागली की तिवरांच्या झाडीतला चिखल उघडा पडतो. त्यात चिंबोरीचं बीळ असतं. पण चिंबोरी काही वेडी नाही. तिच्या बिळाला दोन तोंडं असतात. एका तोंडातून मला आत सारलं, की ती दुसऱ्या तोंडातून पसार होते. म्हणून चिंबोरीची शिकार एकट्याची नव्हेच. एकाने आकडा घालायचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या तोंडावर अनवाणी टाच दाबून उभं राहायचं. याला आमच्या गावात ‘पाय देणं’ म्हणतात. चिंबोरी खालून धडका देते, कधी तिच्या डेंग्यात, म्हणजे नांगीत, टाच सापडते आणि रक्त येतं. तरी पाय उचलायचा नाही. पाय देणाऱ्याने टाच घट्ट बसवून ‘हाय’, म्हणजे पाय जागेवर आहे, असं म्हटलं, की मगच आकडेवाल्याने ओढायचं. आकडा सगळ्यांना दिसतो. चिखलात बुडालेली टाच कुणाला दिसत नाही.

धर्माजीला पाय देत असे त्याचा धाकटा भाऊ दशरथ. दोघे घरात कडाकडा भांडायचे. बांधावरून भांडायचे, कोंबड्यांवरून भांडायचे. पण खाडीत उतरले की दोघांत मिळून एकच शब्द लागायचा. दशरथ म्हणायचा, ‘हाय.’ मी ओढला जायचो आणि माझ्या वाकात हिरवट काळी चिंबोरी लोंबकळत बाहेर यायची. घरी गेल्यावर मोठ्या चिंबोरीचा पहिला डेंगा पाय देणाऱ्याच्या ताटात पडायचा. तो मान त्या घरात कधी चुकला नाही. पण गावात नाव व्हायचं ते धर्माजीचंच. लोक म्हणायचे, धर्माजीचा हात काय हात आहे! दशरथ शेजारी बसून पायावरचा चिखल खरवडत हसायचा. मीही तेव्हा फुशारलेलाच असायचो, कारण हाताबरोबर आकड्याचंही नाव निघायचं.

मग दशरथ आजारी पडला आणि गेला. धर्माजीने मला खिळ्याला अडकवलं आणि पुन्हा हात लावला नाही. माझ्यावर तांबूस पापुद्रे धरू लागले. समोरच्या खारजमिनीवर भरावाचे ट्रक येऊ लागले आणि पडवीतून इमारती दिसू लागल्या. मला वाटलं, आता आपण भंगारात जाणार.

तसं झालं नाही, याचं श्रेय सुगंधाचं. सुगंधा ही धर्माजीची सून, जितेशची बायको. जितेश भाईंदर पूर्वेला स्टीलच्या कारखान्यात पाळीवर जातो. तिचं माहेर दापोलीकडचं. लहानपणी ती भावाबरोबर पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात दगड उलटून कुर्ल्या पकडायची. चिंबोरीला तिच्याकडे कुर्ली म्हणतात. एक दिवस तिने मला खिळ्यावरून काढलं, राखेने घासलं, खोबरेल लावलं आणि सासऱ्यापुढे ठेवलं. म्हणाली, बाबा, मला पाय द्यायला शिकवा. धर्माजी आधी चक्रावला. सून आणि सासरा चिखलात? पण त्याचा जीव खाडीत अडकलेला होता आणि जोडीदाराशिवाय खाडी बंद होती. घुटमळत घुटमळत तो तयार झाला.

पहिल्या दिवशी ती जितेशची जुनी ट्रॅक पॅन्ट घालून उतरली. टाच बसवली आणि म्हणाली, ‘आहे.’ धर्माजीने तिला सांगितलं, ‘आहे’ म्हणेपर्यंत चिंबोरी उत्तनला पोचेल. दुसऱ्या बिळावर तिने ‘हाय’ म्हटलं. तिची टाच दशरथच्या टाचेपेक्षा लहान, पण अढळ. एकदा डेंगा तिच्या टाचेत रुतला, तरी मी पूर्ण बाहेर येईपर्यंत ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडाने ‘हाय, हाय’ चाललं होतं. त्या दिवसापासून पहिला डेंगा तिचा झाला. घरच्या रीतीप्रमाणे ती सगळ्यांच्या मागून जेवायची, म्हणून धर्माजी तो वाटीत काढून झाकून ठेवायचा. बोलायचा काहीच नाही. पण ती झाकलेली वाटी पडवीतून मला दिसायची आणि बरं वाटायचं.

गावाला मात्र बरं वाटेना. देवळाजवळच्या ओट्यावर म्हातारी मंडळी बसतात. त्यांत हरिश्चंद्र हा धर्माजीचा बालमित्र. जिभेला हाड नसलेला माणूस. एकदा आम्ही परतत असताना तो सगळ्यांदेखत म्हणाला, “धर्माजी, दशरथ होता तवा शिकार होती. आता सुनेच्या पायावर जगतंस व्हय?” ओटा खो खो हसला. धर्माजीही हसल्यासारखं करून पुढे गेला, पण माझ्या मुठीवर त्याचा हात असा आवळला, की दोरा करकरला. घाव जिव्हारी बसला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी निकेत आला. हा बेव्हर्ली पार्क या नव्या वसाहतीत राहणारा तरुण, गावोगावच्या खाण्यापिण्याचे व्हिडिओ करून मोबाइलवर टाकणारा. मुलगा भला होता. आमच्याबरोबर बांधापर्यंत चालत आला. गंमत बघायला ओट्यावरची मंडळीही मागोमाग आली. धर्माजीने मला आत सारलं, सुगंधाने ‘हाय’ म्हटलं आणि चांगली तळहाताएवढी चिंबोरी बाहेर आली. सुगंधा गुडघाभर चिखलात उभी राहून ती सुतळीने बांधू लागली. निकेतने मोबाइल धर्माजीच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, “काका, हे सगळं तुम्ही एकटेच करता?”

धर्माजीने एकदा बांधाकडे पाहिलं. तिथे हरिश्चंद्र हाताची घडी घालून उभा होता.

“एकटाच,” धर्माजी म्हणाला. “पयल्यापासून एकटाच. ही सून माझी. टोपली धराला येते.”

मित्रांनो, लोखंडाला लाज वाटत नाही असं तुम्ही म्हणाल. मला वाटली. दोन शब्दांत त्याने दोन माणसं पुसून टाकली, एक मेलेला आणि एक दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली. सुगंधाचे हात सुतळीवर थबकले. मग तिने गाठ मारली, चिंबोरी टोपलीत टाकली आणि टोपली उचलली. खरोखरच टोपली धरायला आल्यासारखी ती आमच्या मागून घरी आली.

त्या दिवशीही धर्माजीने डेंगा वाटीत काढून झाकून ठेवला. सकाळी वाटी तशीच होती. सुगंधाने तो डेंगा मांजराला घातला.

व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. डोंगरीला दिलेली दशरथची लेक चांदणी, तिनेही पाहिला आणि काकाला फोन केला. फोन कानापासून लांब धरायची धर्माजीची सवय, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द पडवीत ऐकू आला. “काका, बापाची टाच मी रोज गरम पान्यानं शेकली हाय,” ती म्हणाली. “आनि तू सांगतंस पयल्यापासून एकटाच?” धर्माजी नुसता ‘अगं, अगं’ करत राहिला. तिने फोन ठेवल्यावरही त्याने तो तसाच कानापासून लांब धरलेला होता.

पुढच्या ओहोटीला त्याने मला काढलं आणि दारातून सुनेला हाक मारली. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “बाबा, मी नाही येत. रागावून नाही म्हणत. पण पाय ठेवला ना, की मला वाटत राहणार, वरून कुणी आलं तर तुम्ही सांगाल, इथे कुणीच नाहीये.”

धर्माजी एकटा गेला. एका तोंडात मी आणि दुसऱ्या तोंडाकडे स्वतःची टाच, अशी त्याने फार ओढाताण केली. माणसाचे पाय तेवढे लांब नसतात. चिंबोऱ्या दुसऱ्या तोंडातून निघून त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेल्या. एकदा तर तो तोल जाऊन चिखलात बसला आणि बसूनच राहिला. मी त्याच्या शेजारी रुतलो होतो. म्हातारा माणूस चिखलात बसून रडतो तेव्हा त्याच्याकडे बघू नये, पण मला मान वळवता येत नाही.

एवढ्यात गावच्या मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. व्हिडिओमुळे मुर्ध्याचं नाव झालं होतं ना! देवळापुढे मांडव घातला, धर्माजीला शाल-नारळ दिला आणि मला टेबलावर ठेवून झेंडूचा हार घातला. आयुष्यभर ज्याची हौस होती, तो मान मला त्या दिवशी मिळाला आणि त्या हाराखाली मला कुठे तोंड लपवू असं झालं. बायकांच्या मागच्या रांगेत सुगंधा बसली होती. धर्माजीच्या हातात माईक दिला. तो म्हणाला, मी व्हिडिओत चुकीचं बोललो. माझा भाऊ दशरथ मला पाय द्यायचा. त्याच्यावाचून मी कुणीच न्हाय. काहींनी डोळे पुसले. आता पुढचं नाव येणार म्हणून मी वाट पाहू लागलो. धर्माजीने मागच्या रांगेकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेतल्या हरिश्चंद्राकडे पाहिलं, आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून सोसत नाही.

घरी आल्यावर त्याने शाल काढून बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, तुझंही नाव घ्याचा होता, जीभ वळली न्हाय. सुगंधा पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

“काकांचं नाव घेतलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “ते आता ऐकायला नाहीत, बाबा. मी आहे.”

धर्माजी दारातून मागे फिरला. मेलेल्याला मोठं करणं सोपं असतं. त्याचा मोठेपणा आपल्या वाट्याला उणा पडत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला, त्यातून घरच्या सुनेला, चारचौघांत आपल्या बरोबरीचं म्हणायला छाती लागते. धर्माजीने जन्मभर चिंबोऱ्यांच्या बिळात हात घातले, पण ती छाती त्याच्याजवळ नव्हती. पुढे कितीतरी ओहोट्या आल्या आणि गेल्या. तो पडवीत बसून माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. दोघेही एकाच लाजेने गंजत होतो.

परवाच्या रविवारी मात्र तो उठला. मला खांद्यावर टाकून ओट्यावर गेला आणि मंडळींच्या मधोमध बसला. हरिश्चंद्राने विचारलं, कुठे निघालास? धर्माजी गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून होता. सुगंधा बाजारातून भाजीच्या पिशव्या घेऊन येत होती. ती ओट्यासमोर आल्याबरोबर धर्माजी उभा राहिला.

“सुगंधा,” त्याने हाक मारली. सासऱ्याने सुनेला गावात अशी नावाने हाक मारायची पद्धत नाही. तीसुद्धा दचकली. “थांब जरा. हरिश्चंद्रा, तू हसला होतास ना? खरा बोलला होतास. मी सुनेच्या पायावर शिकार करतो. हिनं पाय दिला न्हाय तर माझे हातून बारकं खेकडं पन पकडून होणार न्हाय. व्हिडिओत मी खोटा बोललो, मांडवात गप बसलो. मना लाज वाटते.”

कुणी हसलं नाही. हरिश्चंद्र ओट्याची फरशी बघू लागला. धर्माजीचे कान लालबुंद झाले होते आणि तो बसतही नव्हता, जातही नव्हता. सुगंधाने पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

“भाजी ठेवून येते,” ती म्हणाली.

त्या दिवशी चिंबोऱ्या किती मिळाल्या ते मी सांगत बसत नाही. बिळाच्या दुसऱ्या टोकाकडून ‘हाय’ ऐकू आलं, तेवढं मला पुरलं. मित्रांनो, आम्हा वस्तूंची निगा राखा असं माझ्यासारखे म्हातारे नेहमी सांगतात. राख आणि खोबरेल असलं की आकडा टिकतो, त्यात मोठंसं काही नाही. तुमच्यासाठी जो चिखलात पाय घट्ट रोवून उभा आहे, त्याची निगा राखा. त्याचं नाव घ्या, सगळ्यांसमोर घ्या आणि त्याला ऐकू येतंय तोवर घ्या. सुगंधाला ते ऐकायला मिळालं. दशरथ मात्र ओट्यावर आमच्या शेजारी बसून पायावरचा चिखल खरवडत राहिला, आणि तो जिवंत होता तोवर आम्हा दोघांपैकी कुणीही लोकांना त्याच्या टाचेकडे बघा म्हटलं नाही. ती लाज धर्माजीला आणि मला पुरून उरणार आहे.