मासळी लागली की गप्प होणारा

“पप्पा, मासळी लागली की तुम्ही रेडिओ मुद्दाम बंद करता का?”

मित्रांनो, हा प्रश्न विनिताच्या मनातला नव्हता. तिच्या दहावीच्या वर्गातल्या मर्विनने आणि क्षितिजाने तो तिच्या तोंडी घातला होता. “हिंमत असेल तर विचार घरी!” मर्विन म्हणाला होता. आणि तुझ्यात हिंमत नाही असं कुणी म्हटलेलं आमच्या विनिताला हल्ली मुळीच खपत नाही. तिने जेवता जेवता विचारूनच टाकलं. गॅब्रिएलने, म्हणजे तिच्या पप्पांनी, हातातला घास ताटात ठेवला. “तू पन?” एवढंच म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला.

मी तेव्हा खिडकीखाली जाळ्याच्या ढिगावर पडलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण तो रेडिओ मीच!

मी एक जुना सीबी रेडिओ आहे, म्हणजे एका बोटीवरून दुसऱ्या बोटीशी बोलायचा बिनतारी संच. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते विचारू नका, पाठीवरचं लेबल खाऱ्या हवेने केव्हाच खाल्लं. पाचूबंदरला आलो आणि गॅब्रिएलच्या बोटीत सुकाणूजवळ बसलो. किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाईलची रेंज सुटते, मग सगळ्यांना माझीच आठवण! आमच्या बोटींची एक रीत आहे. ज्याला मासळी लागेल त्याने चॅनेलवर हाक द्यायची, बाकीच्यांनी तिकडे यायचं. “पापलेट लागलंय रे, या!” ही गॅब्रिएलची हाक मी किती वेळा वाहून नेली असेल! एकदा फ्रेडरिकच्या बोटीचं इंजिन बंद पडलं, तर त्याचा आवाज मीच ऐकवला आणि गॅब्रिएलने त्याला ओढून आणलं. तेव्हा फ्रेडरिकने माझी पाठ थोपटली होती. शप्पथ, मी फुगलो होतो.

या हंगामात मात्र मी घात केला.

कसं ते सांगतो. माझ्या पोटात नखाएवढ्या पत्र्याच्या डबीत एक स्फटिक आहे. तो सतत एका ठरलेल्या तालात थरथरतो. त्या तालाला धरून मी माझं चॅनेल पकडतो, याला लॉक होणं म्हणतात. लग्नाच्या बँडमध्ये ड्रमवाला थांबला तर बाकीचे कुठेही वाजवत सुटतील ना? तसाच स्फटिकाचा ताल तुटला तर मी भलत्याच चॅनेलवर भरकटेन. माझ्यामुळे दुसऱ्याचं बोलणं बिघडू नये म्हणून मला घडवणाऱ्यांनी सोय करून ठेवली आहे : लॉक सुटला की तोंड बंद.

सकाळी निघताना मी अगदी ठणठणीत. पण इंजिन तापलं, ऊन चढलं, की माझा लॉक सुटायचा. माझ्या तोंडावरचा चॅनेलचा आकडा लुकलुकायचा आणि मी मुका. नेमकी मासळी लागायचीही तीच वेळ! गॅब्रिएल घसा फोडून हाका मारायचा आणि एकही हाक माझ्याबाहेर जायची नाही. बाकीच्या बोटी रिकाम्या टोपल्या घेऊन परतायच्या आणि आमची भरलेली.

“मासळी लागली की गॅब्रिएलचा रेडिओ बरोब्बर झोपतो बघ!” मासळीच्या लिलावात फ्रेडरिक सगळ्यांसमोर म्हणाला.

“आयशप्पथ फ्रेडरिक, मी हाक दिली होती. याचंच कायतरी बिघडलंय.”

“कोनाला सांगतोस? आन बघू इकडे.”

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी फ्रेडरिकने मला स्वतःच्या हाताने लावून पाहिलं. सकाळचा गार वारा, मी थंडगार. मी खणखणीत बोललो! त्याच्या बोटीवर प्रत्येक शब्द ऐकू गेला. लोक खो खो हसले. गॅब्रिएलने मान खाली घातली. चांगलं बोलल्याची एवढी लाज कुणाला वाटली असेल का? त्याच दिवशी त्याने मला बोटीवरून काढून घरी आणून टाकलं.

आणि मग तो जेवतानाचा प्रश्न. पप्पांचं अर्धं ताट बघून विनिता रडली नाही, चिडली. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आली आणि मला ओटीवर घेऊन बसली. बॅटरीच्या तारा घासल्या, एरियल तपासली, दुसरा माईक लावून पाहिला. मी आपला छान चालतोच आहे!

“याला काय धाड भरलेय?” तिची मम्मी एलिसा म्हणाली. “फेक ते, अभ्यास कर.”

“मम्मी, हा बोटीवर बंद पडतो ना? बोटीवर ऊन असतं. याला तापवते.”

तिने माझं झाकण काढून मला उन्हात ठेवलं. थोड्या वेळाने आकडा लुकलुकला, मी गप्प. “पडला! पडला बंद!” ती नाचायलाच लागली. माझी फजिती आणि हिचा आनंद! मग तिने मासळीच्या पेटीतला बर्फाचा खडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि माझ्या एकेका भागावर टेकवत गेली. इथे काही नाही. तिथे काही नाही. स्फटिकाच्या डबीवर बर्फ टेकला आणि मी खरखरून जागा झालो. पुन्हा तापवलं, गप्प. पुन्हा बर्फ, जागा!

भिंगातून तिला दिसलं : स्फटिकाच्या एका पायाला जोडणाऱ्या सोल्डरच्या डागाला केसाएवढी गोल चीर गेली होती. तापलं की ती फाकायची आणि स्फटिकाचा ताल तुटायचा. तिने पप्पांना हाक मारली. गॅब्रिएलने भिंग हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही. बघतच राहिला. “मी खोटं बोलत नव्हतो,” असं हळूच म्हणाला; कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मित्रांनो, आमच्या अंगावरचं खारं पाणी पुसत जा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं हे, की यंत्र गप्प झालं तर आधी त्याचं झाकण काढा, माणसाला चोर ठरवायची घाई करू नका.

मम्मीने शेजारच्यांकडून सोल्डरिंगची कांडी आणली. कांडी तापली. एक थेंब आणि माझी लाज संपणार होती! मी श्वास रोखून बसलो. विनिताने कांडी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि प्लग काढून टाकला.

“अगं, काय झालं?” मम्मी म्हणाली.

“मम्मी, पप्पा, माझं ठरलं. मी याला आज नीट करणार नाही. उद्या लिलावाला असाच उघडा नेणार. सगळ्यांसमोर उन्हात ठेवणार, माईक फ्रेडरिक अंकलच्याच हातात देणार, आणि ते बोलत असताना याला बंद पडू देणार. घरी येऊन मग डाग देऊ. पप्पा, तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभे राहा.”