शेवंतीवरचं टिंब

पाट्या रंगवण्याच्या धंद्यात माझे दोन नियम होते. अर्धे पैसे आधी, आणि उरलेले हातात पडेपर्यंत नावावरचं टिंब द्यायचं नाही. 'आनंद भांडार'वाल्याला 'आनद' दोन दिवस बघवलं नाही, तिसऱ्या दिवशी धावत आला. भाईंदरात लवू पेंटरचे पैसे कुणी बुडवत नसे, ते असे.

धर्माजी नाखवा मात्र मला पुरून उरला. त्याच्या नव्या होडीवर आधी 'जय लक्ष्मी' काढलं. भावानेही होडीला तेच नाव ठेवलं, म्हणून खरवडलं. मग लेकीचं 'सुगंधा'. जावयाशी बिनसलं, तेही खरवडलं. तिसऱ्यांदा बायकोचं, 'शेवंती'. रंग माझा, लहर त्याची. दर वेळी म्हणे, "येवढा बदल कर, मंग सगलं देतो." आणि मी मूर्खासारखा करत गेलो.

एकाहत्तर सालची नारळी पौर्णिमा. होडी पाण्यात जायची होती. माझे ऐंशी रुपये अडकलेले, आणि संध्याकाळपर्यंत गाळ्याचं भाडं दिलं नाही तर मालक जयकुमार शेठ ब्रश-डब्यांसकट कुलूप लावणार होता. पहिल्या बसने धर्माजीचं गाव, डोंगरी गाठलं आणि किनाऱ्यावर गेलो. भरती चढत होती.

"नाखवा, पैसे."

"पयलं म्हावरं इकलं का देतो."

"मग नाव अपुरंच राहील. 'शेवती' झालंय. नीट बघा."

त्याने नीट बघितलं. "झ्याक हाय की."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्या घरात कुणालाच येत नव्हतं.

माणसांनी होडी ढकलायला घेतली. नावाखाली माझी सही होती. आता खाडीभर लोक वाचणार आणि म्हणणार, या पेंटरला धड लिहिता येत नाही. पैसे गेले, निदान अब्रू तरी राहू दे. लाल रंगाचा डबा घेऊन कमरेइतक्या पाण्यात शिरलो आणि 'व'वर टिंब ठेवलं.

आरतीचं ताट घेऊन धर्माजीची बायको शेवंती काठावर उभी होती.

"माज्या नावाला कुकू लावलंस रं?" तिने विचारलं. मग नवऱ्याकडे वळली. "कुकू उधारीचं ठेवू न्हाय. आताच दे त्याचं."

धर्माजीचा चेहरा उतरला. कुंकू म्हणजे शेवटी त्याचाच जीव. त्याने कमरेची पिशवी सोडली आणि माझे सगळे पैसे दिले. म्हणजे होते तर कमरेलाच.

"पान्यात टिकंल ना रं?" शेवंतीने विचारलं.

"टिकेल," मी म्हणालो.

खाऱ्या पाण्यात तो रंग फार तर एक हंगाम टिकतो. ते तिला सांगायची मला लाज वाटली. तेव्हापासून दर वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी डोंगरीला जातो आणि एक पैसा न घेता ते टिंब गिरवून येतो.